थोरलें घर

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकुव्हर नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाजवळील एका चिमुकल्या बेटावर अ‍ॅलर्ट बे हें गांव वसलें आहे. तेथील क्वाक्वाकवाक्व लोकांचें ‘थोरलें घर’ पाहण्याचा योग मला आला.

थोरलें घर म्हणजे एकच अवाढव्य दालन. खालीं मातीची भुई, मध्यभागीं अग्निकुंड, वर धूर जाण्यास वाट. सारें लांकूड तांबड्या सीडरचें. हा वृक्ष सरळ धाग्याचा. पाचरी ठोकल्या कीं लांबच लांब फळ्या निघतात, आणि पावसाळी हवेंतही तो लवकर कुजत नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांतील सागवानी तुळया ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांसही येथील तुळयांचा घेर पाहून नवल वाटेल.

खांबांवर वाकसानें कोरलेलीं व रंगविलेलीं रूपें असतात: मेघगर्जना करणारा थंडरबर्ड पक्षी, किंवा दोन टोकांस सर्पमुखें आणि मध्यें मानवी चेहरा असलेला सिसियुट्ल. पाहणारा चटकन् म्हणतो, हे ह्यांचे देव. तें बरोबर नाहीं. हीं त्या त्या कुळाचीं चिन्हें. कुळाच्या उगमाची हकीकत त्यांत असते, आणि तीं मिरविण्याचा हक्क वारशानें चालत येतो. मला तर आपल्याकडील वतनाच्या सनदा आठवल्या.

हा हक्क जाहीर व्हावयाचा तो पॉटलॅच समारंभांत. यजमान पाहुण्यांस धन वाटतो. तें स्वीकारणारे हक्काचे साक्षी होतात. सांठविणारा नव्हे, देणारा थोर! कॅनडा सरकारनें १८८५ पासून हा गुन्हा ठरविला. १९२१ च्या नाताळांत जवळच्या व्हिलेज बेटावर तो गुपचूप झाला, तेव्हां खटले भरले गेले. मुखवटे व भूषणें स्वाधीन करा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा पेंच घालण्यांत आला. कित्येक तुरुंगांत गेले. जप्त झालेल्या वस्तु संग्रहालयांत पोंचल्या. कांहीं एका अमेरिकन संग्राहकास विकल्या गेल्या.

बंदी १९५१ मध्यें उठली. मुखवटे मात्र आपोआप आले नाहींत. ते मागून, भांडून आणावे लागले. त्यांसाठीं १९८० मध्यें गांवांत ‘उमिस्टा’ केंद्र उघडलें. शत्रूनें धरून नेलेला माणूस घरीं परतला, म्हणजे त्यास उमिस्टा लाभला असें हे लोक म्हणत. तेथें हे मुखवटे काचेच्या कपाटांत नाहींत. इतकीं वर्षें कोंडले होते, पुन्हां कशाला कोंडावयाचे?

१९९७ मध्यें कोणीं तरी थोरल्या घरास आग लावली. गांवानें तें पुन्हां उभारलें, व १९९९ मध्यें तें खुलें झालें. परतणेंही अजून चालूच होतें. २००३ मध्यें फ्रेंच कवि आंद्रे ब्रेताँ ह्यांच्या संग्रहांतील एक शिरोभूषण त्यांच्या कन्येनें अ‍ॅलर्ट बे येथें परत दिलें.