ठोकळे जोडून अ‍ॅप : मालेगावच्या वर्गातले काही अनुभव



मी शिक्षक नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळचा मालेगावचा. गेली तीन वर्षं सुट्टीत गावी गेलो की आठवी ते दहावीच्या मुलींचा अ‍ॅप बनवण्याचा एक छोटा वर्ग घेतो. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या गावात असा वर्ग सुरू करणार आहात, म्हणून संयोजकांनी मला बोलावलं. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे त्यात चुकाच जास्त आहेत. पण त्या तुमच्या कामाच्या आहेत.

पहिल्या वर्षी मी माझ्या कॉलेजसारखंच शिकवायला गेलो. आम्ही इंजिनिअरिंगला सी भाषेपासून सुरुवात केली होती, म्हणून मुलींनाही तेच. दोन दिवस सेमीकोलन शोधण्यात गेले. तिसऱ्या दिवशी चौदापैकी पाच मुली आल्या. त्या पाचजणींपुढे मी नाइलाजाने एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर उघडलं. खरं सांगायचं तर तोवर मी त्याला लहान मुलांचं खेळणं समजत होतो.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकट आहे. एका बाजूला अ‍ॅपचा चेहरा मांडायचा : बटण, चित्र, लिहायची चौकट. दुसऱ्या बाजूला रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून त्या बटणाने काय करायचं ते सांगायचं. न बसणारा ठोकळा खाचेत अडकतच नाही. त्यामुळे सेमीकोलनसारख्या चुका होतच नाहीत. राहतात त्या विचारातल्या चुका, आणि शिकवायच्या त्याच आहेत. फोनवर कम्पॅनियन नावाचं अ‍ॅप टाकून क्यूआर कोड दाखवला की संगणकावर केलेला बदल फोनवर लगेच दिसतो.

ही कल्पना अचानक आलेली नाही. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली मुलांसाठी लोगो ही भाषा केली. त्याच परंपरेतले एमआयटीचे प्राध्यापक हॅल अ‍ॅबेल्सन यांनी गुगलमध्ये असताना अ‍ॅप इन्व्हेंटरचं काम सुरू केलं. ते 2010 मध्ये लोकांपुढे आलं. पुढे गुगलने ते सोडलं आणि 2012 पासून एमआयटी ते चालवते.

पहिला धडा बहुतेकांचा एकच असतो : मांजराचं चित्र, त्यावर बोट ठेवलं की म्याव. आमच्याकडे एका मुलीने मांजराऐवजी घरच्या बकरीचा फोटो लावला आणि आवाज स्वतःच काढला. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काम झालं नाही. पण संध्याकाळी प्रत्येकीला घरून फोटो आणायचा होता.

आता माझी दुसरी चूक. मुलगी अडकली की मी "थांब, दाखवतो" म्हणून माउस हातात घ्यायचो आणि दोन मिनिटांत काम उरकायचो. तिचं अ‍ॅप चालायचं. ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा अडायचं. शेवटी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागलो. "हे बटण दाबलं की आधी काय होणार, मग काय होणार, मला बोलून सांग." वर्गात आम्ही उर्दूत बोलतो, पडद्यावरचे ठोकळे इंग्रजीत. म्हणून आधी तोंडी वाक्य, मग ठोकळे. जिचं वाक्य नीट झालं तिला ठोकळे जड गेले नाहीत. जिचं वाक्य अर्धवट, तिचं अ‍ॅप बरोबर तिथेच अडायचं.

काय बनवायचं हे मी ठरवत नाही. सुरुवातीला धारावी डायरी या उपक्रमातल्या मुलींबद्दल मात्र सांगतो. त्यांनी याच ठोकळ्यांनी अ‍ॅप केली. एक 'पानी है जीवन' नावाचं : वस्तीच्या सामायिक नळावर आपला नंबर आला की कळावं म्हणून. दुसरं 'विमेन फाइट बॅक', अडचणीत सापडलेल्या बाईसाठी. हे ऐकलं की मुली फिल्टर आणि गेम सोडून घराकडे बघायला लागतात.

गेल्या वर्षी एका मुलीने वडिलांच्या पगाराचं अ‍ॅप करायला घेतलं. वडील पॉवरलूमवर. किती मीटर कापड निघालं, मीटरचा दर काय, त्यातून उचल किती कापली, यावर हप्त्याचा पगार. हिशेब सेठच्या वहीत, घरी फक्त रक्कम येते. गणित सोपं आहे : मीटर गुणिले दर, वजा कापलेली उचल. तिने ते एका दिवसात जुळवलं. चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं की गुणाकार चिडायचा, तेही तिने स्वतः शोधलं आणि आधी तपासणारा ठोकळा लावला.

मग ती रडवेली होऊन आली. अ‍ॅप बंद करून उघडलं की उचलीची बाकी पुन्हा शून्य. नवशिक्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. चल, म्हणजे व्हेरिएबल, अ‍ॅप चालू असेपर्यंतच लक्षात ठेवतो. कायमचं ठेवायचं तर टायनीडीबी वापरायचं. त्यात एका नावाखाली किंमत ठेवायची, आणि अ‍ॅप उघडताच त्याच नावाने ती परत मागायची. मी तिला ते दाखवलं. तिने नाव दिलं 'बाकी'.

इथे माझी तिसरी चूक झाली, आणि ही मला अजून बोचते. फोन कमी होते, म्हणून दोघी-तिघींत एक. तिचं झाल्यावर शेजारच्या मुलीने तोच फोन आपल्या अ‍ॅपला जोडला. तीही तेच शिकली होती, तिच्याही साठ्याचं नाव 'बाकी'. अ‍ॅप उघडलं आणि पडद्यावर मोठा आकडा आला. ती मोठ्याने म्हणाली, "भाई, ये तो मेरा हिसाब नहीं है."

तो पहिलीच्या घरावर असलेल्या उचलीचा आकडा होता. खरा. वर्गातल्या सगळ्यांनी तो ऐकला. एका गल्लीतल्या मुली त्या.

कारण तांत्रिक आहे. तयार होऊन फोनवर बसवलेल्या प्रत्येक अ‍ॅपचा साठा वेगळा असतो, पण कम्पॅनियनमधून चाचणी करताना त्या फोनवरच्या सगळ्या अ‍ॅपचा साठा एकच असतो. हे मला माहीत होतं. माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. मी सांगितलं नव्हतं, कारण नवशिक्यांना कशाला गोंधळात टाका असं मला वाटलं.

ती मुलगी दोन दिवस आली नाही. मी तिच्या घरी गेलो. तिच्या अम्मी दारातच म्हणाल्या, "मोबाइलमध्ये आमच्या घरचं का घातलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली आणि विचारलं की हे होऊ नये म्हणून काय करायचं. टायनीडीबीला नेमस्पेस नावाचा गुणधर्म असतो, तिथे प्रत्येकीने स्वतःचं नाव लिहायचं, आणि फोन दुसरीकडे देण्याआधी साठा पुसायचा. हे तिनेच फळ्यावर समजावलं. आता माझ्या वर्गात टायनीडीबीच्या आधी हा धडा येतो, आणि चाचणीत खरे आकडे घालायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून असतो.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगा. यातून नोकरी लागत नाही. माझी कंपनी ठोकळे जोडणाऱ्याला घेणार नाही, पुढे कोटलिनसारखी भाषा शिकावीच लागते. "सर्टिफिकेट मिळेल का?" हा प्रश्न हमखास येतो. मी नाही म्हणतो, काही जणी येत नाहीत. चालेल.

फोनचा प्रश्न मात्र तसा सोडून देता येत नाही. संगणक कुणी ना कुणी शाळा देते. फोन बहुतेक भावाचा असतो आणि भाऊ कारखान्यात. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून आमचा मुख्य वर्ग शुक्रवारी दुपारनंतर असतो, तेव्हा भाऊ घरी आणि फोनही घरी. तरी तो हातात मिळेलच असं नाही.

आणि त्या पगाराच्या अ‍ॅपचं काय झालं? ते तिच्या वडिलांच्या फोनवर आहे. ते दर हप्त्याला मीटर सांगतात, ती भरते. एका हप्त्याला तिचा आकडा आणि हातात आलेली रक्कम जुळली नाही. आधी तिने स्वतःचे ठोकळे तपासले, दोनदा. मग वडिलांनी वही बघायला मागितली. पुढे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुढची तुकडी आहे. अठरा मुलींची नावं आली आहेत आणि फोन चार आहेत. काच तडकलेली असली तरी चालेल, कम्पॅनियन चालायला हवं आणि क्यूआर वाचायला कॅमेरा हवा. कुणाच्या घरी कपाटात जुना अँड्रॉइड पडलेला असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. देण्याआधी त्यातलं तुमचं सगळं पुसून घ्या.