पावणेतीनच्या पुढे काय?

आजचा विषय घराघरातला आहे. पोरं ऐकत नाहीत, मग करायचं काय?

आमच्या लहानपणी उत्तर सोपं होतं. अंगठे धरा, कोंबडा व्हा, बाकावर उभे राहा. नाहीतर पट्टी, तीही उभी! २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या कलम १७ नं शाळेतली मारहाण आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली. फार चांगलं झालं. घरातही हात उचलणं आता बऱ्याच जणांना नकोसं वाटतं. मग हातात उरते ती धमकी.

धमकी पहिली, मोजणीची. "तीन म्हणायच्या आत खेळणी उचल! एक... दोन..." पोरगं ढिम्म. मग येतं अडीच. मग पावणेतीन! जुन्या मंडळींनी पावकी-निमकी शाळेत घोकली, आताची पोरं ती पसाऱ्यात बसून शिकतात. तीन काही उजाडत नाही. कारण तीननंतर काय करायचं हे आईला माहीत नसतं, बाबांनाही नसतं. पोराला मात्र पक्कं माहीत असतं : काहीही होणार नाही.

धमकी दुसरी, न जमणारी. "यंदा तुला गावाला नेणारच नाही!" अहो, तिकिटं काढलीत, आजीनं आंब्याची आढी घातलीय, आणि याला एकट्याला इथे सांभाळणार कोण? हा हिशेब पोरानं आपल्या आधी केलेला असतो.

तिसरी धमकी उसनी. "थांब, पोलिसकाकांना बोलावते!" "डॉक्टरांना सांगू का सुई टोचायला?" इथे मात्र माझं हसू थांबतं. जत्रेत किंवा दादरच्या गर्दीत हात सुटला, तर त्या पोरानं मदत मागायची कोणाकडे? पोलिसाकडेच ना? आणि आपण त्याला शिकवलंय की खाकी दिसली की लपायचं. पोटात दुखलं तरी सुईच्या भीतीनं ते गप्प बसणार. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. तो पोरांना पाठ करून द्यायचा, की मदत करणाऱ्यांचाच बागुलबुवा करायचा?

मग करायचं काय? जे लगेच जमेल, छोटं असेल आणि त्या खोडीशीच जोडलेलं असेल, तेवढंच बोलायचं. भिंत रंगवली? ओलं फडकं हातात. दूध सांडलं? पुसायचं, वाटल्यास आपण शेजारी बसून. घरात चेंडू मारला? चेंडू संध्याकाळपर्यंत कपाटावर. आणि संध्याकाळपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत! आजीनं दुपारी गुपचूप काढून द्यायचा नाही. आजी, ऐकताय ना?

तीन म्हटलं की उठायचं. ओरडायचं नाही, भाषण नाही. पोरगं रडेल, रडू दे. जवळ बसा, पण चेंडू वरच.

अजून एक. पोरं आपलीही मोजणी करत असतात. "पाच मिनिटांत खेळायला येतो" म्हणून आपण फोनवर पाऊण तास काढतो, तेव्हा मोठ्यांच्या शब्दाची किंमत काय, ते त्यांना तिथेच कळतं.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करून बघा : पावणेतीन म्हणायचं नाही. काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. आणि तुमचं पोरगं मागून हाक मारत असेल, तर हे बंद करा आणि आधी तिकडे जा. मी मोजतेय हं... एक... दोन...