हवेचे भाडे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा व नाशिक-पुणे हे दोन मोठे रस्ते मिळतात. मालाची वर्दळ अहोरात्र. तरीही ऑनलाइन चिवडा विकणाऱ्या गृहस्थाचा नफा वाटेतच आटतो, तो का? कुरिअरवाले वजनाबरोबर खोक्याचे आकारमानही पाहतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरांतील गुणाकारास बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनाहून अधिक भरल्यास भाडे त्यावरच घेतात. एक किलो चिवडा ४०×३०×२० च्या खोक्यात ४.८ किलो ठरतो, ३०×२०×१५ च्या खोक्यात १.८. मधले तीन किलो म्हणजे निव्वळ हवा! दर ठरविणे विक्रेत्याच्या हाती नाही. खोके निवडणे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती आहे.