पहिले पिस्तूल घेताना

गेल्या वर्षी एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. बरोबर त्यांचा विद्यार्थी आणि त्याचे वडील. पोराला नेमबाजीचा नाद लागलेला. वडील म्हणाले, "म्हैस इकतो, पन पोराला चांगलं पिस्तूल घेतो. कंचं घेऊ, तेवढं सांगा." मी म्हटले, "म्हैस राहू द्या गोठ्यात. आधी पोराचा हात पाहू."

हा प्रश्न आता पुष्कळ घरांत निघतो, आणि त्यात नवल नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तेव्हा पोरांना हौस वाटणारच. पण नवे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. घाईने घेतले, तर पैसाही जातो आणि पोराची हौसही.

सुरुवात हवेच्या पिस्तुलाने करावी. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे! एका हाताने, उभे राहून, ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे. इथे जोराचे काम नाही, स्थिर हाताचे आहे.

म्हणून पहिली पारख मुठीची. पिस्तूल धरावे, डोळे मिटावे, हात नेमाला उचलावा आणि डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसली, तर मूठ हाताला बसली. दर वेळी मनगट वळवून ती मध्ये आणावी लागत असेल, तर ते पिस्तूल दुसऱ्या कुणाचे समजा. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांची असते, डावखुऱ्याची वेगळी. वजनाची कमाल मर्यादा दीड किलो आहे. पण वाढत्या पोराने हलके घ्यावे, नाहीतर विसाव्या नेमालाच खांदा भरून येतो.

दुसरी पारख चापाची. नियमाप्रमाणे चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा. पंच चापाला अर्ध्या किलोचे वजन टांगून पिस्तूल उभे उचलतात. वजन उचलले जाण्याआधी चाप सुटला, तर पिस्तूल नापास. विजेवर चालणारे चापही मिळतात. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचा तसा चाप ऐन स्पर्धेत बिघडला, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ साली त्यांनीच पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, हे खरे. पण नवशिक्याने साधा, यांत्रिक चापच घ्यावा.

तिसरी गोष्ट हवेची. काही पिस्तुलांत दाबलेल्या हवेचे नळकांडे असते. नेम मारताना हात हलत नाही, पण ते भरायला पंप किंवा मोठी टाकी लागते. दुसऱ्या जातीत दर नेमाला एकदा दांडी ओढून हवा भरायची. गावाकडे हेच सोयीचे. जुने पिस्तूल घेत असाल, तर नळकांड्यावरची तारीख आधी वाचा. दहा वर्षे उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही, आणि वापरणे धोक्याचेही आहे.

खरेदी रीतसर दुकानातूनच करा, पावती जपा, आणि परवान्याचा चालू नियम आधी जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनमध्ये विचारा. शिक्षकबंधूंनो, पोराला पहिल्या दिवशी एवढे शिकवा: पिस्तूल रिकामे असो वा भरलेले, नळी माणसाकडे वळवायची नाही. डोळ्यांना चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव संपला की हात धुवायचे. आणि घरी पिस्तूल कुलपात.

त्या पोराचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सहा महिने तो क्लबच्याच पिस्तुलावर शिकला. आपल्याला कोणती मूठ लागते, हे त्याचे त्यालाच कळले. मग वडिलांनी एक जुने, दांडीचे पिस्तूल घेऊन दिले.

म्हैस अजून गोठ्यातच आहे.