गाडीखालचा तराजू

आमच्या खडवलीहून पडघ्याकडे गेले की मुंबई-नाशिक महामार्ग लागतो. या रस्त्याने टेम्पो माल भरून जातात आणि रिकामे परततात. गाडी तीच, चालक तोच. पण भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे थांबणे सारखे नसते. हा फरक सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांच्या पोटाखाली असतो.

ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो. एसटीत उभे असताना आपण झुकतो तसाच. मागची चाके हलकी होतात. रिकाम्या गाडीत तिथे जास्त जोर गेला तर ती जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन आडवी होते. भरलेल्या गाडीत मात्र मागच्या चाकांना चांगली पकड असते. तिथे जोर कमी पडला तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

म्हणून हा व्हॉल्व्ह चासीला बसवून त्याचा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की गाडी खाली बसते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. माल उतरला की दाब आवरला जातो.

म्हणजे या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, उंची कळते. घोटाळा होतो तो इथेच. जास्त माल मावावा म्हणून कमानीत एकदोन पाटे वाढवले जातात. मग कितीही भरा, गाडी पुरेशी दबत नाही. व्हॉल्व्हला ती अर्धी रिकामीच वाटते, आणि कांदा भरून कसारा घाट उतरताना मागचे ब्रेक हात आखडता घेतात. कुणी दांडा तारेने वर बांधून टाकतो. भरलेल्या गाडीत ते चालून जाते. रिकाम्या परतीच्या फेरीत, पावसात, तेच जिवावर बेतते.

तपासणीसाठी गाडी रिकामी, जमीन सपाट आणि टायरात ठरलेली हवा हवी. गाडी आपल्या चाकांवर उभी हवी; जॅकवर चाके लोंबकळली की माप खोटे ठरते. चाकांना ठोकळे लावावेत. दांडा गंजून अडकला आहे का, बुश झिजले आहेत का, ऑईल पाझरते आहे का, हे पाहावे. कंपनीच्या पुस्तिकेतले अंतर मोजून नट जुळवावा आणि पुढचा-मागचा दाब गेज लावून ताडावा. पाइप सोडले असतील तर हवा काढावी. पाटे वाढवले असतील, तर ते जुने माप लागू पडत नाही.

एप्रिल 2019 पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाड्यांत हा हिशेब बहुधा इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच करते. जुने टेम्पो आणि पिकअप मात्र अजून या दांड्याच्याच भरवशावर धावतात.

उस्ताद हा शब्द शायरीत चालतो, तसा गॅरेजातही. गझलेच्या मोजमापालाही ‘वजन’च म्हणतात. तिथे वजन चुकले तर फार तर दाद मिळत नाही. इथे पाटे वाढवायचे ठरवतो मालक, आणि घाटात असतात चालक आणि मागे मालावर बसलेला हमाल. म्हणून टेम्पोमालकांना एवढीच विनंती, की पुढच्या सर्व्हिसिंगला उस्तादांना गाडीखाली हा दांडा दाखवायला सांगा आणि त्याला तार बांधलेली असेल तर ती त्याच दिवशी सोडवून माप जुळवून घ्या.