दिव्यांग प्रमाणपत्र: तपासणीआधीची तयारी

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीची निम्मी तयारी घरीच होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांचा समावेश आहे. पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज भरा. अर्जातलं नाव आधार कार्डाशी जुळतंय ना, हे पाहा. आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो एका पिशवीत ठेवा. जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि तपासण्यांचे अहवाल तारखेप्रमाणे लावा. कॅलिपर, श्रवणयंत्र, चष्मा, जे वापरता ते सोबत घ्या.

रोजच्या अडचणीही कागदावर उतरवा. जिना चढणं, आंघोळ, बटणं लावणं, कुठे मदत लागते? डॉक्टरांसमोर भिडेपोटी “जमतं हो” म्हणू नका आणि वाढवूनही सांगू नका. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा मानसिक आजार असेल, तर रोज सांभाळणारी व्यक्ती बरोबर हवीच.

निर्णय पटला नाही, तर कायद्यात अपिलाची सोय आहे. अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो आणि प्रमाणपत्रही ऑनलाइनच मिळतं, तेव्हा पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.