पदवीला हाताची जोड द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कचेरीतल्या कामाच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहे. म्हणजे टायपिंग, शॉर्टहँड, पत्रव्यवहार, फायली. या शिक्षणाला आपल्या वस्तीत कोणी मोठे मानत नाही. पोरगं बी.ए. झालं की आपण पेढे वाटतो. टायपिंग पास झालं तर शेजाऱ्याला पत्तासुद्धा नसतो.

पण नोकरीची जाहिरात नीट वाचा. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला पदवी लागतेच, शिवाय मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे टायपिंगचे प्रमाणपत्र लागते. राखीव जागेवर अर्ज केला म्हणून ही अट सुटत नाही. मग पदवी हातात असून पोरं दारातूनच परत येतात. उलट निम्नश्रेणी लघुलेखकाला दहावी पुरते. मात्र शॉर्टहँडचा वेग १०० आणि सोबत टायपिंग पाहिजे.

अमेरिकेत या कामासाठी दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. आपल्या आवाक्यातली वाट वेगळी आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा आता संगणकावर होते. वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता, ई-मेलही करावा लागतो. दुसरी वाट आयटीआयची. तिथे लघुलेखक व सचिवीय सहाय्यक हा एक वर्षाचा कोर्स असतो. जवळच्या आयटीआयमध्ये आहे का, चौकशी करा. शॉर्टहँडला मात्र रोजचा सराव हवा. आठ दिवस वही बंद ठेवली की हात मागे जातो.

कोणी म्हणेल, दुसऱ्याचं लिहिलेलं टाईप करायचं, यात काय मोठेपणा? नानकचंद रत्तू आठवा. दिल्लीत सरकारी नोकरी सांभाळून ते बाबासाहेबांचे लिखाण टाईप करत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी आणि प्रकाशचंद यांनी टाईप केले. १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दोघांचेही आभार मानले आहेत. १९५७ साली ग्रंथ छापून निघाला, त्यामागे ही बोटे होती.

मी गिरणी कामगार. आडनावातली एक वेलांटी चुकली म्हणून पी.एफ.चे पैसे अडकलेले कामगार मी पाहिलेत. कागद ज्याला कळतो, त्याला कोणी सहज फिरवत नाही. सोलापुरात १८७७ ची जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. आता बापाच्या जागी पोराला चिकटवायला गिरणी राहिली नाही.

खोटी आशा मी दाखवत नाही. प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. पण वकिलाकडे, दवाखान्यात, पतसंस्थेत, शाळेत हे काम लागतंच. आई सुपात विड्या वळते, म्हणून पोरीनेही तेच सूप घ्यावं असं नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पदवीच्या पहिल्याच वर्षी टायपिंगला नाव घाला, निकालाची वाट बघू नका. आणि विहाराच्या सभागृहात संध्याकाळी दोन संगणक ठेवू या. पोरी आधी बसतील, मग पोरं. वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!